तीन इंजिने एकाच वेळी का थांबली?



सांबऱ्याच्या विमानतळावर उतरणारे विमान दिसले की खेळाच्या तासाला सगळ्यांच्या माना वर होतात. बेळगावला विमान नवे नाही. सांबऱ्याची धावपट्टी १९४२ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली गेली. पुढे तेथे हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आले. निपाणीहून बेळगावला येताना वाटेत हत्तरगी लागते. तेथील कारखान्यांत आज विमानांचे सुटे भाग तयार होतात आणि आपल्या भागातील कितीतरी तरुण तेथे कामाला जातात. त्यामुळे विमान कसे उडते हे आपल्या मुलांना थोडेफार ठाऊक असते. विमान का पडते, आणि पडल्यावर माणसे त्यातून काय शिकतात, हा अभ्यास मात्र सहसा होत नाही. म्हणून या अंकात आम्ही एका जुन्या अपघाताचा धडा घेतला आहे. आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी तो वही-पेन्सिल घेऊन वाचावा. पालकांनी आणि विश्वस्त मंडळींनीही वाचावा, कारण शेवटचा भाग त्यांच्यासाठी आहे.

पाण्यावर उतरणारी विमाने

आज विमान म्हटले की धावपट्टी आलीच. शंभर वर्षांपूर्वी मोठ्या, पक्क्या धावपट्ट्या फार थोड्या ठिकाणी होत्या. समुद्र, खाडी आणि तलाव मात्र सगळीकडे होते. म्हणून लांबच्या प्रवासासाठी पाण्यावरून उडणारी आणि पाण्यावरच उतरणारी विमाने बांधली गेली. त्यांत दोन प्रकार होते. एका प्रकारात साध्या विमानाला चाकांऐवजी दोन तरंगते पाय लावलेले असत. दुसऱ्या प्रकारात विमानाचे पोटच होडीसारखे असे. या दुसऱ्या प्रकाराला आपण 'उडती बोट' म्हणू.

इंग्लंडमधील शॉर्ट ब्रदर्स या कंपनीने १९२८ साली 'कलकत्ता' नावाची उडती बोट तयार केली. नाव आपल्याकडचे, पण ती चालली मुख्यतः भूमध्य समुद्रावर. एकावर एक असे दोन पंख, त्यांच्यामध्ये एका रांगेत बसवलेली तीन ज्युपिटर इंजिने, धातूचे पोट आणि आत पंधरा प्रवाशांची जागा, अशी तिची रचना होती. ताशी सुमारे १५५ किलोमीटर हा तिचा नेहमीचा वेग. एकच इंजिन असलेल्या विमानापेक्षा तीन इंजिनांची उडती बोट सुरक्षित, असा लोकांचा विश्वास होता. एक इंजिन बंद पडले तरी दोन आहेत, आणि अगदीच वेळ आली तर खाली पाणीच आहे, त्यावर उतरता येईल, असा त्यामागचा विचार.

या विचारात चूक कोठे आहे? उत्तर लगेच देऊ नका. पुढे वाचा.

कराचीची वाट

इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने ३० मार्च १९२९ रोजी लंडन ते कराची ही विमानसेवा सुरू केली. वाटेतील काही टप्पे विमानाचे, काही आगगाडीचे आणि भूमध्य समुद्रावरचा टप्पा उडत्या बोटीचा होता. इंग्लंडचे पत्र सुमारे आठवड्यात कराचीला येऊ लागले. आगबोटीच्या मानाने हा फारच मोठा फरक होता.

आपला बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि १९३६ पर्यंत सिंध व कराचीही त्याच इलाख्यात होते. कराचीत मराठी माणसांची चांगली वस्ती होती. तेथील नावाजलेल्या एन. जे. व्ही. हायस्कुलाला नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्यांचे नाव आहे आणि ती शाळा आजही त्याच नावाने चालते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी स्वतः विमान चालवत कराचीहून टपाल आणले आणि ते अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते विमान बळ्ळारीमार्गे मद्रासला नेले. त्यानंतर मुंबई इलाख्यातील पत्र विमानाने कराचीला आणि तेथून पुढे भूमध्य समुद्र ओलांडून इंग्लंडला जाऊ लागले. तेव्हा ही सारी हकीगत आपल्यापासून वाटते तितकी दूरची नाही.

'सिटी ऑफ रोम'

या मार्गावर कलकत्ता जातीच्या बोटी धावू लागल्या त्याच वर्षी पहिली मोठी दुर्घटना घडली. २६ ऑक्टोबर १९२९ रोजी 'सिटी ऑफ रोम' ही उडती बोट पूर्वेकडून परत येत असताना वादळात सापडली आणि इटलीच्या स्पेझिया बंदराजवळ तिला समुद्रावर उतरावे लागले. बोट उतरली, पण समुद्र खवळलेला होता. तिला दोर बांधून ओढत किनाऱ्याला नेण्याचा प्रयत्न झाला. तो सफल झाला नाही आणि रात्री ती बुडाली. आतील सातही माणसे गेली.

'खाली पाणीच आहे' या विश्वासाचे पहिले उत्तर येथे मिळाले. उडत्या बोटीचे पोट बंदरातील शांत पाण्यासाठी केलेले असते. भर समुद्रात मोठ्या लाटांवर ती मासेमारीच्या होडीइतकीही टिकत नाही. तिचे लांब पंख आणि उंचावरची जड इंजिने वाऱ्याला सापडतात.

'सिटी ऑफ खार्टूम'

आता आपल्या मुख्य अपघाताकडे येऊ. ३१ डिसेंबर १९३५, वर्षाचा शेवटचा दिवस. 'सिटी ऑफ खार्टूम' ही त्याच जातीची बोट ग्रीसच्या क्रीट बेटावरील मिराबेला या थांब्यावरून निघाली. तिला इजिप्तमधील अलेक्झांड्रिया बंदर गाठायचे होते. नकाशावर मोजले तर हे अंतर सरळ रेषेत सुमारे ६०० किलोमीटर भरते आणि मध्ये सगळा समुद्र. बोटीत नऊ प्रवासी व चार कर्मचारी, अशी तेरा माणसे होती. वैमानिक होते व्हर्नन गोरी विल्सन.

दिवस मावळत आला होता. अलेक्झांड्रिया जवळ आले. थोड्याच वेळात बोट बंदरात उतरणार, इतक्यात तिन्ही इंजिने जवळजवळ एकाच वेळी थांबली. पुन्हा चालू करण्याइतकी उंची आणि वेळ हाताशी नव्हता. बोट अंधारत्या समुद्रावर आदळली आणि बुडाली. ब्रिटिश आरमाराच्या 'ब्रिलियंट' या विनाशिकेने सुमारे पाच तासांनी वैमानिक विल्सन यांना पाण्यातून वर काढले. बाकीचे बाराजण वाचले नाहीत. इतक्या लांबचा समुद्र पार करून ती माणसे बंदराच्या तोंडाशी बुडाली.

इंजिने मोडली होती का? नाही. त्यांना इंधन मिळेनासे झाले होते. चांगल्या स्थितीतील तीन इंजिने केवळ इंधनाअभावी थांबली.

तीन म्हणजे तिप्पट सुरक्षित?

येथे थोडे गणित करू. आकडे आम्ही समजण्यासाठी घेतले आहेत, ते त्या बोटीचे नव्हेत.

समजा, एखादे इंजिन हजार फेऱ्यांत एकदा बंद पडते. तीन इंजिने असतील आणि प्रत्येक आपापल्या वेगळ्या कारणाने बंद पडत असेल, तर तिन्ही एकाच फेरीत बंद पडण्याची शक्यता किती?

१/१००० × १/१००० × १/१००० = १/१००,००,००,०००

म्हणजे शंभर कोटी फेऱ्यांत एकदा. याला कोणीही सुरक्षितच म्हणेल. पण समजा, हजार फेऱ्यांत एकदा इंधनच कमी पडते. मग तिन्ही इंजिने एकदम थांबणार. आता शक्यता किती? हजारात एक. इंजिने तीन ठेवा, चार ठेवा की दहा ठेवा, ती हजारात एकच राहते. कारण गुणाकार तेव्हाच करता येतो, जेव्हा घटना एकमेकींवर अवलंबून नसतात. संभाव्यतेच्या धड्यात 'स्वतंत्र घटना' हा शब्द येतो. परीक्षेत तो पाठ म्हणून लिहिला जातो, पण त्याचा अर्थ या एका उदाहरणात आहे.

याचे उदाहरण आपल्या घरीदारीही सापडेल. आमच्या शाळेत पूर्वी पाण्याचा एकच पंप होता. तो जळाला की दोन दिवस टाकी कोरडी. म्हणून दुसरा पंप बसवला आणि आम्ही निश्चिंत झालो. पुढे वार्षिक स्नेहसंमेलनाच्या दिवशीच लाईट गेली आणि दोन्ही पंप गप्प. दोघांची लाईन एकच होती. वेदगंगेच्या काठावर दोन-दोन मोटारी बसवणाऱ्या शेतकऱ्यांना हे सांगायला नकोच. डीपी जळाला की दोन्ही मोटारी सारख्याच.

म्हणून 'आपल्याकडे दुसरे आहे' एवढ्यावर थांबू नये. 'पहिले ज्या कारणाने बंद पडेल, त्याच कारणाने दुसरेही बंद पडेल का?' हा पुढचा प्रश्न विचारावा.

इंधनाचा हिशेब

आता दुसरे गणित. हेही समजण्यासाठीच.

अंतर ६०० किलोमीटर. वेग ताशी १५० किलोमीटर. इंधन तासाला १०० लिटर लागते. प्रवास ४ तासांचा, म्हणजे ४०० लिटर हवे. आपण सावध म्हणून १०० लिटर जास्त घेतले. एकूण ५००. पाव हिश्श्याइतका जादा साठा! पुरेल ना?

समोरून ताशी ३० किलोमीटर वेगाने वारा सुरू झाला. विमान हवेतून १५० नेच जाते, पण समुद्रावरचे अंतर ताशी १२० नेच कापते. प्रवास झाला ५ तासांचा. इंजिनांना तासाला १०० ऐवजी ११० लिटर लागू लागले. कार्बोरेटरच्या जेटचे भोक जरा मोठे असले किंवा हवा-पेट्रोलचे मिश्रण जरा दाट झाले, तर एवढा फरक सहज पडतो आणि आवाजावरून तो कळतही नाही. आता लागणारे इंधन :

५ × ११० = ५५० लिटर.

आपल्याकडे ५००. ते सुमारे ४ तास ३३ मिनिटांनी संपेल. तोवर विमानाने साधारण ५४५ किलोमीटर कापलेले असेल. बंदर अजून ५५ किलोमीटर दूर, आणि खाली समुद्र.

पाहा, वारा काही वादळी नव्हता. इंधनाचा खप दहा टक्केच वाढला होता. दोन्ही गोष्टी एकेकट्या आल्या असत्या तर पाव हिश्श्याच्या साठ्यात निभावले असते. दोन्ही एकत्र आल्या आणि त्यांचा गुणाकार झाला. मोटारसायकल चालवणारे पालक हे चटकन ओळखतील. सपाट रस्त्यावर पुरणारे पेट्रोल तवंदी घाटात, पावसात, मागे माणूस आणि पुढे पोते असताना पुरत नाही. जुन्या गाड्यांना रिझर्व्हचा कॉक असे. गाडी रिझर्व्हला लागली की माणूस आधी पंप शोधत असे. तो कॉक म्हणजे गाडी बनवणाऱ्याने आपल्या वतीने करून ठेवलेला हिशेबच.

आज प्रवासी विमानांना निघतानाच हा हिशेब नियमाने करावा लागतो. ठरलेल्या विमानतळापर्यंतचे इंधन, वाटेतील अडचणींसाठी काही टक्के, तेथे उतरता आले नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंतचे, आणि त्यावर आणखी अर्धा तास घिरट्या घालण्याइतके. हा शेवटचा अर्धा तास वापरायचा नसतोच. त्याला हात लागणार असे दिसले तर वैमानिकाने लगेच संकटाची सूचना द्यायची असते.

माठ आणि कार्बोरेटर

इंधन भरपूर असूनही इंजिने एकदम बंद पडू शकतात का? पडू शकतात. २१ जानेवारी १९३९ रोजी 'कॅव्हेलियर' ही चार इंजिनांची उडती बोट न्यूयॉर्कहून अटलांटिक महासागरातील बर्म्युडा बेटाकडे निघाली होती. वाटेत तिच्या इंजिनांची ताकद ओसरली आणि तिला खवळलेल्या समुद्रावर उतरावे लागले. कारण होते कार्बोरेटरमध्ये साचलेला बर्फ.

इंजिन तर तापलेले असते, मग त्यात बर्फ कसा? आपल्या घरचा माठ आठवा. माठातून पाणी पाझरते, त्याचे बाष्पीभवन होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेतली जाते. म्हणून पाणी गार होते. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचे असेच बाष्पीभवन होते. शिवाय अरुंद गळ्यातून वेगाने जाताना हवेचा दाब आणि तापमान उतरते. बाहेरची हवा थंड व दमट असली की त्या हवेतील बाष्प गळ्यातच गोठते आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. इंजिने चार असली तरी हवा एकच. पुन्हा तेच समान कारण! यावर उपाय म्हणजे कार्बोरेटरला गरम हवा पुरवणे.

'कॅव्हेलियर'मध्ये तेरा माणसे होती. तिघे दगावले, पण दहा वाचले. बोटीने रेडिओवरून संकटाचा संदेश दिला होता. बुडाल्यावर माणसांनी जीवरक्षक पट्ट्यांच्या आधाराने एकमेकांना धरून ठेवले. सुमारे दहा तासांनी 'एस्सो बेटाउन' नावाचे तेलवाहू जहाज त्यांच्यापर्यंत पोहोचले. 'खार्टूम'मध्ये तेरांपैकी एक वाचला, 'कॅव्हेलियर'मध्ये तेरांपैकी दहा. दोन्ही प्रसंग सारखे नव्हते हे खरे. पण पाण्यात पडल्यानंतर काय करायचे याची तयारी किती मोलाची, हे या दहा जणांवरून समजते. आज विमान निघण्यापूर्वी कर्मचारी जीवरक्षक जाकीट घालून दाखवतात आणि आपण बहुतेकजण खिडकीबाहेर पाहत बसतो. यापुढे ती दोन मिनिटे त्यांच्याकडे पाहावे.

आज आणि आपण

उडत्या बोटींचा काळ दुसऱ्या महायुद्धानंतर ओसरला, कारण युद्धात जगभर पक्क्या धावपट्ट्या झाल्या. आपली सांबऱ्याची धावपट्टीही त्यांतलीच. आपल्याकडे सीप्लेन अधूनमधून पुन्हा दिसले. ऑगस्ट २०१४ मध्ये जुहूहून पवना धरणाकडे सेवा सुरू झाली होती. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी अहमदाबादेत साबरमती नदीवरून केवडियापर्यंतची सेवा सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी थांबली. या विमानांना टर्बाइन इंजिने होती, त्यांत कार्बोरेटर नसतो. पण इंधनाचा हिशेब आणि समान कारणाचा प्रश्न त्यांनाही चुकत नाही.

विमानाचे सोडा, बोटीचे पाहा. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची एक वेगवान नौका आदळली. त्या नौकेच्या इंजिनाची चाचणी चालू होती आणि तिच्यावरचा ताबा सुटला. प्रवासी बोट उलटली, माणसे गेली. त्यानंतर गेटवेच्या बोटींवर जीवरक्षक जाकीट घालण्याची सक्ती झाली. नव्वद वर्षांपूर्वीचा धडा आपल्या किनाऱ्यावर पुन्हा गिरवावा लागला.

म्हणून पालक आणि विश्वस्तांसाठी हे चार शब्द. आपल्या शाळेची सहल मालवणला जाते, कधी दांडेलीला, कधी एखाद्या धरणावर. बोटीत बसताना प्रत्येक मुलाच्या अंगात जाकीट हवे. ते बोटीच्या कोपऱ्यात रचून ठेवलेले चालणार नाही. बसमध्ये डिझेल किती, दुसरा चालक आहे का, परतीला अंधार पडेल का, हे निघण्यापूर्वी विचारावे. दोन शिक्षक सोबत आहेत म्हणून निर्धास्त राहू नये. दोघांचेही मोबाइल एकाच कंपनीचे असतील तर घाटात दोघांनाही रेंज नसेल! यंदापासून सहलीपूर्वी असा तपशील लिहून मुख्याध्यापकांच्या सहीने ठेवायचा, असे आम्ही ठरवले आहे. असे प्रश्न विचारणाऱ्या पालकांना कोणी कटकटे म्हणू नये. 'खार्टूम'मधल्या बारा जणांच्या घरच्यांना असे प्रश्न विचारण्याची संधी मिळाली नव्हती.

स्वाध्याय

१. वरच्या गणितात समोरचा वारा नसता आणि फक्त इंधनाचा खप दहा टक्के वाढला असता, तर ५०० लिटर पुरले असते का? किती उरले असते?

२. खप तासाला १०० लिटरच राहिला, पण समोरून ताशी ५० किलोमीटर वेगाचा वारा आला, तर किती इंधन लागेल?

३. दोन पेले घ्या. एकाला ओले फडके गुंडाळा, दुसऱ्याला कोरडे. दोन्हींत सारखेच पाणी भरून वाऱ्यात ठेवा. तासाने तापमान मोजा आणि फरकाचे कारण लिहा.

४. आपल्या घरात किंवा शेतात 'एकाला दुसरे' म्हणून ठेवलेल्या तीन वस्तू शोधा. दोन्ही एकाच कारणाने बंद पडतील का, ते प्रत्येकीपुढे लिहा.

चौथ्या प्रश्नाची उत्तरे विज्ञान शिक्षकांकडे आणून द्यावीत. शाळेच्या दोन पंपांविषयी काय करावे, हेही एखाद्याने सुचवावे. आम्ही वाट पाहतो आहोत.